कैदी दिव्यांग असेल तर? जेलमधलं काम, दाखला आणि सुटून गावी आल्यावरचा पोटाचा प्रश्न

जेलमध्ये गेलेल्या माणसाची गावात चर्चा होते ती दोनदा. एकदा पोलीस घेऊन जातात तेव्हा आणि दुसऱ्यांदा तो सुटून येतो तेव्हा. मधल्या वर्षांत तो आत काय करतो, काही शिकतो की नुसता बसून असतो, हे फारसं कोणी विचारत नाही. आणि तो माणूस एका पायाने अधू असेल, डोळ्याने दिसत नसेल किंवा कानाने ऐकू येत नसेल तर मग विचारायलाच नको.

हा विषय आता काढायचं कारण म्हणजे सुप्रीम कोर्ट. १५ जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूतल्या एका प्रकरणात निकाल दिला. तिथल्या एका वकिलाला स्नायू झिजत जाण्याचा आजार. जमिनीच्या घरगुती वादातून अटक झाली, कोईमतूरच्या जेलमध्ये ठेवलं. तिथे आजाराला लागणारा आहार आणि उपचार मिळाले नाहीत अशी त्यांची तक्रार होती. मानवी हक्क आयोगाने एक लाख भरपाई दिली, हायकोर्टाने ती पाच लाख केली. सुप्रीम कोर्टाने भरपाई आणखी वाढवली नाही, पण जेलमधल्या सगळ्याच दिव्यांगांसाठी निर्देश दिले. माणूस आत येतो त्याच वेळी त्याला दिव्यांगत्व सांगायची संधी द्यायची. नियम त्याला समजतील अशा रीतीने, म्हणजे ब्रेल, मोठी अक्षरं, खाणाखुणांची भाषा, असे द्यायचे. व्हीलचेअर जाईल अशी जागा, वापरता येईल असा संडास, उपचार, आणि जेलची तपासणी सहा महिन्यांत. तो निकाल तमिळनाडूपुरता होता. डिसेंबर २०२५ मध्ये दुसऱ्या एका याचिकेत कोर्टाने हेच निर्देश देशातल्या सगळ्या राज्यांना लागू केले. म्हणजे येरवडा, हर्सूल, कळंबा, नाशिकरोड, नागपूर, अमरावती सगळीकडे.

निकालात आणखी एक गोष्ट बोलली गेली. देशभरातल्या कैद्यांची आकडेवारी दरवर्षी निघते, पण त्यात दिव्यांग किती याचा रकानाच नाही. २०२२ च्या सरकारी अहवालाप्रमाणे देशात ५ लाख ७३ हजार कैदी होते. जात, धर्म, शिक्षण, वय, सगळं मोजलेलं. त्यातले किती जण कुबडीवर चालतात ते मात्र माहीत नाही. आपल्याकडे जनावरांची सुद्धा गणना होते, बैल किती, म्हैस किती, शेळ्या किती. इथे माणसाची नोंद नाही. आणि नोंद नाही तिथे निधी नाही, हे ग्रामपंचायतीत एकदा जरी बसलेल्या माणसाला सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, अशी माणसं जेलमध्ये असतील तरी किती? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात नुसते हात-पाय आणि डोळे नाहीत. कंपवात आहे, सिकलसेल आहे, मानसिक आजार आहे, कुष्ठरोगातून बरे झालेले आहेत, ॲसिड हल्ल्यात भाजलेले आहेत. शिवाय काही जण आत जाताना धडधाकट असतात आणि आत गेल्यावर दिव्यांग होतात. साखर वाढून पाय कापावा लागतो, लकवा मारतो, मोतीबिंदू वेळेवर काढला नाही की नजर जाते. आणि खेड्यातून आत गेलेल्यांत कडबाकुट्टीत बोटं गेलेली, मळणी यंत्रात हात गेलेला, विजेच्या धक्क्याने जायबंदी झालेला माणूस निघणारच. त्याच्याकडे बहुतेक वेळा दिव्यांगाचा दाखलाच नसतो. "मला काय भीक मागायचीय का" म्हणून त्याने तो कधी काढलेला नसतो.

फादर स्टॅन स्वामी यांचं प्रकरण पुष्कळांच्या लक्षात असेल. २०२० मध्ये ते तळोजा जेलमध्ये होते, वय ८३, कंपवात. हात थरथरतो म्हणून पाणी प्यायला नळी आणि झाकणाचा पेला मागितला, त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. त्यांच्या केसबद्दल कोणाचं काहीही मत असो, पेल्यासाठी कोर्टात जावं लागणं ही व्यवस्थेची गोष्ट आहे. त्यांच्या बाजूने वकील होते, पेपरवाले होते. तालुक्याच्या गावातून गेलेल्या गड्याकडे यातलं काही नसतं.

पण पेला, संडास, पलंग या गोष्टी निदान डोळ्याला दिसतात. कामाचं नुकसान दिसत नाही, आणि ते जास्त मोठं आहे.

शिक्षा लागलेल्या, म्हणजे पक्क्या कैद्याला जेलमध्ये काम देतात. महाराष्ट्राच्या मोठ्या जेलांत सुतारकाम, हातमाग आणि यंत्रमाग, शिलाई, बेकरी, धोबीकाम, लोहारकाम, चामड्याच्या वस्तू असे कारखाने चालतात. जेलच्या सुताराने केलेल्या खुर्च्या सरकारी ऑफिसांत दिसतात. या कामाची मजुरी मिळते, कमीच, पण मिळते. कैद्यांच्या कामाचा योग्य मोबदला दिला पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच सांगून ठेवलंय. मजुरीतून माणूस कॅन्टीनमधून साबण-तेल घेतो, घरी पैसे पाठवतो. काम आणि वर्तन चांगलं असलं की शिक्षेत माफीचे दिवस मिळतात आणि सुटकेची तारीख अलीकडे येते. कच्च्या कैद्याला कामाची सक्ती नसते, पण देशातले चारातले तीन कैदी कच्चेच आहेत, आणि त्यांचीही वर्षं तशीच जातात.

आता या साखळीत एका हाताचा माणूस घालून बघा. अधिकारी म्हणतात, "याला काय काम सांगायचं? बसू दे बॅरेकमध्ये." बोलण्यात दया असते, वाईट हेतू नसतो. पण काम नाही म्हणून मजुरी नाही. कामापोटी मिळणारी माफी नाही. हातात नवा हुन्नर नाही. १ मे २०२२ पासून राज्य सहकारी बँकेने येरवड्यात 'जिव्हाळा' नावाचं कर्ज सुरू केलं, ५० हजारांपर्यंत, ७ टक्के व्याजाने, तारण नाही. देशात अशी योजना पहिलीच. घरच्या अडचणीसाठी, वकिलाच्या फीसाठी कैद्याला पैसे मिळावेत म्हणून. योजना चांगलीच आहे. पण फेड होते ती जेलमधल्या मजुरीतून. ज्याला काम नाही त्याची मजुरी नाही, मग कर्ज कशाच्या जोरावर मिळणार? कोर्टाने दोघांना सारखी शिक्षा दिली असली तरी अधू माणसाची शिक्षा अशी आपोआप लांबते आणि महाग होते. हे कोणी ठरवून करत नाही, म्हणूनच ते कोणाच्या लक्षात येत नाही.

ऐकू न येणाऱ्याचं तर वेगळंच. जेलचा सगळा दिवस आवाजावर चालतो, घंटा, शिट्टी, नावाचा पुकारा. मोजणीला उठला नाही म्हणजे उद्धट, असा समज व्हायला वेळ लागत नाही, आणि वर्तनाचा शेरा खराब झाला की माफीही गेली.

अमेरिकेत नेमका असा खटला झाला होता. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या येस्की नावाच्या कैद्याला १९९४ मध्ये दीड ते तीन वर्षांची शिक्षा लागली. एक शिस्तीचं शिबिर पूर्ण केलं तर सहा महिन्यांत सुटका, अशी सोय होती. त्याला रक्तदाबाचा त्रास होता म्हणून शिबिरात घेतलं नाही. तो कोर्टात गेला. सरकारचं म्हणणं, दिव्यांगांचा कायदा जेलला लागू नाही. १९९८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की लागू आहे. कायद्यात सरकारी संस्था असं लिहिलंय आणि जेल ही सरकारी संस्था आहे, इतका साधा युक्तिवाद. आपल्या २०१६ च्या कायद्यातही सगळ्या प्रशिक्षणाच्या आणि कौशल्याच्या योजनांत दिव्यांगांना सामावून घ्या, असं कलम १९ मध्ये आहे. जेलची भिंत मध्ये आली की हे कलम थांबतं, असं कुठेही लिहिलेलं नाही.

खुल्या कारागृहाची गोष्ट शेतकऱ्यांच्या जास्त जवळची. पैठण, मोर्शी, विसापूर इथे खुली कारागृहं आहेत, येरवड्यालाही आहे. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची वसाहत तर १९३९ ची, औंध संस्थानाच्या काळातली. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या सिनेमामागे तिथलाच प्रयोग होता. अशा ठिकाणी उंच भिंती नाहीत, कैदी शेतात राबतात, माफीही जास्त मिळते. शेतकरी कैद्याला याहून चांगली जागा नाही. पण निवड करताना वर्तनाबरोबर तब्येत बघतात, शेतीचं कष्टाचं काम झेपेल का हे बघतात. म्हणजे ज्याने तीस वर्षं शेती केली त्याला एक पाय नाही एवढ्यासाठी तो बंद बॅरेकमध्येच राहण्याची शक्यता जास्त.

शेतीतलं काम म्हणजे नांगर धरणं आणि खत डोक्यावरून वाहणं एवढंच, असा हा हिशेब. ज्याने शेती केलीय त्याला माहीत आहे की तसं नाही. रोपवाटिकेत ट्रे भरणं आणि बी टोबणं बसून होतं. डाळिंब-आंब्याचं कलम बांधायला हात स्थिर लागतो, पाय नाही. कांदा निवडणं, मिरचीची प्रतवारी, बियाणं साफ करणं बसूनच चालतं. ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवणं, मोटारीची वेळ सांभाळणं, फिल्टर धुणं एका हाताचा माणूस करतो, गावोगावी करतोय. दिसत नसलेला माणूस दूध काढतो, दोर वळतो, खुर्ची विणतो. शेळ्या-कोंबड्या सांभाळणं, आळंबीच्या पिशव्या भरणं, गांडूळखत, यादी लांबेल. मूकबधिर माणसाला तर शिलाई मशीन, वेल्डिंग, सुतारकाम कशालाच आडकाठी नाही, फक्त शिकवणाऱ्याला खाणाखुणा यायला हव्यात. मोटार रिवाइंडिंग आणि मोबाईल दुरुस्ती ही तर खुर्चीवर बसायची कामं आहेत, आणि दोन्हीला खेड्यात गिऱ्हाईक आहे.

गिऱ्हाईक कुठे आहे हे बघूनच शिकवायला हवं. जेलमध्ये मोठा यंत्रमाग चालवायला शिकलेला माणूस गावी आल्यावर यंत्रमाग आणणार कुठून? कंपनीत नोकरी मागायला गेला तर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आडवा येतो. अपंगत्व वेगळं, शिक्का वेगळा, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यावर. त्याला घरी बसून, थोड्या भांडवलात, स्वतःच्या जोरावर करता येईल असंच काम उपयोगाचं.

हे सगळं सुरू व्हायला एक कागद लागतो, दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्याचं ओळखपत्र, ज्याला आपण यूडीआयडी कार्ड म्हणतो. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी दवाखान्यात तपासणी. बाहेरच्या माणसालासुद्धा यात दोन-तीन खेटे पडतात. आतल्या माणसाचं अवघड म्हणजे दवाखान्यात न्यायला पोलीस गार्ड लागतो. गार्ड मिळाला त्या दिवशी डॉक्टर नाही, डॉक्टर आहे त्या दिवशी गार्ड बंदोबस्ताला. दाखल होतानाच नोंद करा, हा कोर्टाचा निर्देश म्हणूनच महत्त्वाचा. नोंद झाली की तपासणीची जबाबदारी जेलवर येते.

घरच्यांना यात करता येण्यासारखं बरंच आहे. जुना दाखला, ऑपरेशनचे कागद, डॉक्टरची चिठ्ठी, आधीचं कार्ड असेल तर त्याची झेरॉक्स मुलाकतीला जाताना न्यायची आणि जेल अधीक्षकांच्या नावाने अर्ज करून द्यायची. अर्जाची पोच घ्यायची. नुसतं तोंडी सांगू नये. पक्का कैदी फर्लो किंवा पॅरोलवर घरी आला तर पोलीस ठाण्याची हजेरी आणि बाकी अटी सांभाळून त्या दिवसांतच जिल्हा रुग्णालयातली तपासणी उरकून घेता येते. लग्न-मयतीच्या गडबडीत हे राहून जातं आणि तो परत आत जातो. आधारच नसेल तर जेलने दिलेल्या कैदी नोंदीच्या कागदावर आधार काढायची सोय आधार प्राधिकरणाने ठेवलेली आहे.

वकिलाचं म्हणाल तर, कोठडीत असलेल्या माणसाला आणि दिव्यांग माणसाला, दोघांनाही, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये दोन्ही आहेत. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. "फुकटचा वकील काय कामाचा" असं म्हणणारे गावात भेटतील. पण जामिनाच्या अर्जात दिव्यांगत्वाचा मुद्दा आणि कागद जोडला गेला पाहिजे, एवढं जरी त्या वकिलाकडून करून घेतलं तरी फरक पडतो. पहिल्याच गुन्ह्यातला कच्चा कैदी असेल आणि जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल तर नव्या कायद्याच्या कलम ४७९ खाली त्याच्या सुटकेचा विचार होतो. जन्मठेप किंवा फाशीची कलमं त्यात नाहीत, अनेक केस अंगावर असतील तरी ती सवलत नाही.

मग तो दिवस येतो. जेलचं दार उघडतं. हातात पिशवी, साठलेली मजुरी असेल तेवढी, गावापर्यंतचं भाडं. धडधाकट माणूस दुसऱ्या दिवशी मजुरीला जाईल, ऊसतोडीला जाईल, वीटभट्टीवर जाईल. दिव्यांग माणूस घरात बसतो. भावाने जमीन कसायला घेतलेली असते, बायको माहेरी असते, आणि "बसून खातोय" हे पहिल्या महिन्यातच ऐकू येतं. परत आत जाण्याची वाट इथूनच सुरू होते.

संजय गांधी निराधार योजनेची पेन्शन आधी चालू होती असं धरा. तिला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आत असताना तो दिला गेला नाही, पेन्शन बंद. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून बँकेचं खातं निष्क्रिय. रेशनकार्डावरचं नाव कमी झालेलं. म्हणजे सुटलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात बँक, तहसील, सेतू आणि दवाखाना अशा चार ठिकाणी जायचंय, आणि त्याला चालता येत नाही. हे कागद सुटायच्या आधी दोन-तीन महिने घरच्यांनी हातात घेतले तर गाडी रुळावर राहते. निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये झाली आहे. एसटीत ४० टक्क्यांच्या वरच्या दिव्यांगाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. आणि गावात पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट, शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची बायकोसुद्धा निराधार योजनेत अर्ज करू शकते. उत्पन्नाची अट आहे, पण नवरा आत आहे म्हणून तिचा अर्ज परत करता येत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बालविकास विभागाचा परिविक्षा अधिकारी असतो. सुटलेल्या कैद्याला धंद्यासाठी थोडी आर्थिक मदत देण्याची योजना त्यांच्याकडे असते. शिलाई मशीन, शेळ्या, छोटं दुकान अशा कामाला ती उपयोगी पडते. दिव्यांगांसाठीच्या कर्जयोजना दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे आहेत. दोन्ही ठिकाणी जामीनदार आणि कागद मागतात, आणि सुटून आलेल्या माणसाला जामीन राहायला गावात कोण पुढे येतं हा प्रश्न आहेच. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून जेलमधून सुटलेल्यांना काम आणि निवारा मिळवून देण्यासाठी झटतोय. खेड्यात अशी संस्था सहसा नसते, ते काम कोणाला तरी अंगावर घ्यावं लागतं. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, नाहीतर शाळेचे गुरुजी.

ग्रामपंचायतीचा विषय निघालाच आहे तर, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचं बंधन प्रत्येक ग्रामपंचायतीवर आहे. दरवर्षी लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचली जाते. सुटून आलेल्या दिव्यांगाचं नाव त्या यादीत घालायला कोणाची ना असायचं कारण नाही, पण कोणीतरी घालावं लागतं. तो स्वतः ग्रामसभेत उभा राहून हात वर करेल अशी अपेक्षा करू नये. चार डोळे आपल्याकडे वळतील या भीतीने तो पारापर्यंतही येत नाही.

"ज्याचा खून झाला त्याच्या घरच्यांचं काय? कैद्यालाच का सवलती?" हा सवाल या विषयावर हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मिळायला हवी, त्यासाठी पीडित भरपाईची वेगळी योजना आहे आणि तिचाही पाठपुरावा करावा लागतो. पण शिक्षा किती हे न्यायाधीशाने ठरवलंय. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं. पाय नाही म्हणून त्याची साडेपाच होऊ नयेत, आणि सुटल्यावर आणखी दहा वर्षं घरात कोंडून घ्यायची वेळ येऊ नये. शिवाय तो परत येणार आहे तो आपल्याच गावात. कामाला लागलेला माणूस शेजारी परवडतो की रिकामा बसलेला, याचा विचार गावाने करायचाय.

ज्यांच्या घरातलं कोणी आत आहे आणि दिव्यांग आहे, त्यांनी १५१०० या विधी सेवेच्या मोफत नंबरवर फोन करून आपल्या जिल्ह्याचं ऑफिस विचारून घ्यावं. जेलने अर्ज घेतला नाही किंवा उत्तर दिलं नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. अर्जात कैद्याचं नाव, जेलचं नाव, कैदी नंबर, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि नेमकं काय हवंय, कुबडी, तपासणी की काम, हे चार ओळींत लिहावं आणि पोचपावती जपून ठेवावी.